पन्नाशी उलटलेले

“पन्नाशी उलटलेल्यांपैकी कोणाला बोलायचंय?” दवंडीवाल्याने दुसऱ्यांदा विचारलं.

अथेन्सच्या टेकडीवरच्या सभेतून कोणी उठलं नाही. एरवी या प्रश्नाला टेकडीवर झुंबड उडायची, पण साथीने पांढरी डोकी वेचून नेली होती. शहर ज्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं, ते पुढारी, ज्यांना सगळे नुसतं ‘थोरले’ म्हणत, तेही त्यातच गेले. आता तोंड चालत होतं ते तेलवाल्या स्मिक्रियासचं. हिवाळी वादळांच्या तोंडावर सगळं आरमार बाहेर काढायचं, हा त्याचा हेका.

डेमियास कुंभाराला ते नको होतं. साथीने मागे ठेवलेला त्याचा एकुलता एक मुलगा त्याच आरमारात वल्हं मारत होता. त्याने शेजारच्या फानियासला कोपराने ढोसलं.

“ऊठ बाबा. तू जहाजं नेलीयेस, लोक तुझं ऐकतील. या दिवसांत समुद्रात जाऊ नका, एवढंच सांग.”

“एवढंच ना? सांगतो की!”

फानियास साथीतून वाचला होता. अंगाने धडधाकट, फक्त मधूनच काहीबाही विसरायचा. म्हणून डेमियासने वाटभर त्याच्याकडून तेवढं वाक्य घोकून घेतलं होतं.

म्हातारा दगडी ओट्यावर चढला, तशी सभा हलली.

“अरे, फानियास! आहे अजून!”

“गप्प बसा रे, शहाणा माणूस बोलतोय!”

त्याच्या डोक्यावर वक्त्याचा पानांचा मुकुट चढला. डेमियासच्या जिवात जीव आला.

“बोलतो,” फानियास म्हणाला. आवाज तोच, भारदस्त. “पण थोरल्यांच्या आधी मी कसा बोलू? जा, कोणीतरी बोलावून आणा त्यांना.”

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघाचौघांनी तर वळून रस्त्याकडे पाहिलं.

“समुद्राचं सांग, फानियास!” डेमियास ओरडला. “समुद्राचं!”

“दम धर रे. येऊ देत त्यांना.”

दवंडीवाल्याने हळूच मुकुट काढून घेतला आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून खाली आणलं. मग स्मिक्रियास चढला. तो जिंकलेल्या बेटांबद्दल बोलला, लुटीबद्दल बोलला. समुद्राचं नावही त्याने काढलं नाही. शेवटी कौल मागितला गेला आणि टेकडीभर हात वर झाले. डेमियासने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

फानियासने मान वळवून सगळीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला.

“एवढे हात वर आहेत, म्हणजे थोरल्यांचंच म्हणणं असणार,” तो म्हणाला, आणि त्यानेही हात वर केला.