हद्दीची पाटी

हद्दीची पाटी मागं पडली आणि वृंदा परुळेकरच्या डोक्यातली डॉक्टरकी नेहमीसारखी बंद झाली. कवटीत बसवलेल्या चिपचा परवाना महाराष्ट्राचा. शेजारच्या राज्यानं त्याला अजून मान्यता दिली नव्हती, म्हणून हद्द ओलांडली की सगळं शिकलेलं पुसलं जाई. वृंदाला आता त्याचं काही वाटत नसे. लग्नाला निघालेल्या बाईला डॉक्टरकी हवी कशाला?

पुढच्याच वळणावर गाडी उलटली.

वृंदा आणि ड्रायव्हर बाबल खरचटण्यावर निभावले. तिचा नवरा मुकुंद मात्र रस्त्यावर उताणा पडला होता. "मान फार दुखतेय गं," म्हणत त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"डॉक्टरीणबाई, कायतरी करा!" बाबल ओरडला.

"इथं मला तुझ्याइतकंसुद्धा कळत नाही रे. त्या पाटीपलीकडे नेऊ या, मग मला सगळं येईल."

दोघांनी त्याला काखांत हात घालून ओढत नेलं. त्याचं डोकं मागं लोंबत होतं, तो कळवळत होता. पाटीपाशी त्याचं कळवळणं थांबलं, तेव्हा वृंदाला हायसं वाटलं.

त्यांनी पाटी ओलांडली. तिची सगळी विद्या परत आली, आणि सगळ्यात आधी आला तो अगदी पहिला धडा: मानेला मार बसलेल्या माणसाला जागचं हलवायचं नसतं.

"आता करा," बाबल धापा टाकत म्हणाला.

तिनं मुकुंदचा सैल पडलेला हात हातात घेतला. "माझी बोटं दाब बघू."

"दाबतोय की," मुकुंद म्हणाला.