एका हातात दोन

चिमणाबाईचा उजवा हात सकाळी कापायचा होता.

आदल्या दुपारी योगिनी रिपोर्ट घेऊन जिने चढली. ती प्रयोगशाळेतली डॉक्टर. तिच्याकडे पेशंट येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. बाटलीत, नाव चिकटवून.

पहिला तुकडा. बुरशी.

औषध सुरू झालं. सूज वाढली. मनगटाजवळ कातडीखाली गाठी. गाठींना तोंडं. तोंडांतून पू.

दुसरा तुकडा. क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद. बुरशी दिसली नाही. ती औषधानं दबली असणार, असं योगिनीनं धरलं.

"एकाच हातात दोन्ही?" सर्जन रोहितनं चष्मा कपाळावर चढवला. "अगं, लॉटरी लागली तुला."

"लॉटरी नको. हात हवाय. आपण एकालाच औषध दिलं, दुसरं आत वाढत राहिलं. आता दोन्ही देऊ. कापू नकोस."

"आणि खांद्यापर्यंत चढलं तर? जीव जाईल तिचा."

"माझा रिपोर्ट बरोबर आहे."

रोहितनं चष्मा खाली ओढला. "तुझ्या भरवशावर थांबतो."

वॉर्डात योगिनीनं चिमणाबाईला पहिल्यांदाच पाहिलं. पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीला आलेली. मांडवाचा बांबू उचलताना कुसळ घुसलं होतं. उशाशी जाऊ बसलेली, फुलाबाई.

"गोळ्या वेळेवर घेतल्या?"

"एक नाय चुकवली, डॉक्टरीणबाई. आजून तोंड कडू हाय."

"तुमच्या गोळ्यांना भ्याली, यवढी नवऱ्यालापण भ्याली नाय कधी," फुलाबाई म्हणाली.

"गप गं."

"चिमणाबाई, हात राहणार तुमचा," योगिनी म्हणाली. "आत दोन आजार आहेत. दोन्हींवर औषध आहे."

चिमणाबाईनं डाव्या हातानं डोळे पुसले. फुलाबाई हसली नाही.

"दोन?"

"हो. दोन तुकड्यांत दोन वेगळे निघाले."

फुलाबाईनं जावेकडे पाहिलं. चिमणाबाईनं मान खाली घातली. मग फुलाबाईनं पदराखालचा हात काढला आणि पलंगावर, चिमणाबाईच्या हाताशेजारी ठेवला. तशाच गाठी. तशीच तोंडं.

"बांबू एक, म्हंजी दुखणंपण एकच, असं वाटलं आमाला. पयल्या बारीला मुकादमानं हिला सोडलं नाय. हिच्या नावानं तुकडा मी दिला."