विषय क्रमांक नऊ

"विषय क्रमांक नऊ," प्रसेनजीतने वाचलं आणि मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं. बयाबाई बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि सावरून बसल्या. दर सभेला असंच. तीन वर्षं तो हे बघत होता आणि तीन वर्षं त्याचं डोकं इथंच उठत होतं.

प्रभागसभा महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या हॉलमध्ये भरायची. भरायची म्हणजे वीस-पंचवीस माणसं यायची, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला. भटकी कुत्री, तुंबलेली गटारं, न फिरकणारी घंटागाडी. अभियंता साहेब 'नोंद घ्या' म्हणायचे, प्रभागाचा कारकून म्हणून प्रसेनजीत नोंद घ्यायचा आणि पुढच्या महिन्यात तीच नोंद उभं राहून वाचायचा. मागचं वाचल्याशिवाय नवं सुरू करायचं नाही, असा नियमच होता. पेठ वडगावहून रोज मोटारसायकल हाणत कोल्हापूरला यायचं ते याच्यासाठी. त्याचा जीव अगदी विटला होता.

त्यात हा नववा विषय सगळ्यात जुना. 'श्रीयुत केरबा रामू चौगले, राहणार वरची गल्ली, मागणी करतात की, गल्लीच्या एकवीस पायऱ्या उतरताना वयस्कर माणसांस धरण्यास काही आधार नाही, तरी लोखंडी कठडा बसवून मिळावा.' खाली शेरा, काम प्रलंबित. अर्ज प्रसेनजीत या खुर्चीवर येण्याच्याही आधीचा होता. केरबा स्वतः सभेला कधी आले नाहीत. म्हातारा घरात पाय पसरून बसतो आणि बायकोला, म्हणजे बयाबाईंना, एकवीस पायऱ्या उतरायला लावतो, असं प्रसेनजीतने धरून ठेवलं होतं. बयाबाईही एवढा एक विषय ऐकायच्या आणि दहावा सुरू व्हायच्या आत पिशवी उचलून चालू लागायच्या.

एकदा घाईत त्याने 'विषय नऊ, प्रलंबित' एवढंच म्हणून पान उलटलं होतं. बयाबाई भरल्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, पुरं वाचा की. नावासकट." लोक हसले. साहेबही हसले. त्या दिवशी प्रसेनजीतने मनाशी गाठ बांधली. प्रभागातली बाकीची कामं होवोत न होवोत, हे एक काम आपल्या हातून झालंच पाहिजे. निदान एका विषयापुढे तरी 'पूर्ण' हा शब्द आपण लिहायचा. त्याने अकरा पत्रं लिहिली, फाइल काखेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला, ठेकेदाराच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी काल दुपारी वेल्डर येऊन कठडा बसवून गेला. त्याचा पिवळा रंग आज सकाळीही बोटाला लागत होता.

आज त्याने नाव वाचलं, मागणी वाचली, जरा थांबला आणि जाहीर केलं की काम पूर्ण झालं असून हा विषय यादीतून कमी करण्यात येत आहे. चार जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी घड्याळात पाहिलं. त्याने नोंदवहीत ठसठशीत अक्षरात 'पूर्ण' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बयाबाई मात्र हलल्या नाहीत. दहावा विषय झाला, अकरावा झाला, सभा संपली, साहेब गाडीत बसून गेले. शिपाई एकेक पंखा बंद करत आला तरी त्या तिथेच. त्यांच्या तळहातांना रंगाचा ठिपकाही नव्हता. एवढा कठडा झाला तरी बाई भिंतीला धरूनच उतरल्या होत्या. प्रसेनजीतला रागच आला. तीन वर्षं डोकं खाल्लं, आता काम झालं तर तोंडातून एक बरा शब्द निघत नाही. पण आजचा दिवस वाईट बोलण्याचा नव्हता. तो त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"आजी, रविवारी कठड्याला नारळ फोडू," तो म्हणाला. "आजोबांच्याच हातानं. मी स्वतः धरून आणतो त्यांना."

"ते कुठलं येत्यात आता?" बयाबाई म्हणाल्या. "जाऊन चार वर्सं झाली त्यास्नी."

आवाजात तक्रार नव्हती. मग आजवर सभेला कशासाठी येत होता, असं प्रसेनजीतने चाचरत विचारलं. त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

"रेशनकार्डावरनं नाव कमी केलं, मतदान यादीतनं केलं, लाइटबिलबी माझ्या नावानं याय लागलं. पोरं सुदिक आता कैलासवासी लिवत्यात. म्हैन्यातनं एकदा तुमीच तेवढं त्यास्नी श्रीयुत म्हणत हुता, भरल्या सभंत." त्या उठल्या. "आता फुडल्या म्हैन्यात न्हाय वाचणार न्हवं?"

प्रसेनजीतला स्वतःची लाज वाटली. तीन वर्षांत त्याने त्या माणसाचं नाव महिन्याच्या महिन्याला घेतलं होतं, पण तो कसा आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. बयाबाई दाराशी पोहोचल्या तेव्हा त्याने त्यांना हाक मारली. पुढच्या महिन्यातल्या बुधवारी या, असं सांगितलं. चार वाजता, नेहमीसारखं.

मग त्याने नोंदवही उघडली, 'पूर्ण' या शब्दावर काट मारली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कठड्यास रंगाचा दुसरा हात देणे बाकी. काम प्रलंबित.'