उकळलेली गंगा

रामघाटावरच्या ढुंढिराज गुरुजींना प्यायला गंगेचंच पाणी लागायचं आणि त्यांच्या बायकोला, विद्युल्लताबाईंना, ते उकळलेलंच लागायचं. उकळी फुटल्यावर पाच मिनिटं, असा हुकूम होता. पण साक्षात गंगामाईला चटके द्यायचे, हे काही गुरुजींना पटेना. म्हणून ते रोज पहाटे गॅस पेटवून त्यावर स्वतःचा चहा करत, कच्चं पाणी तसंच माठात ओतत आणि आत हाळी देत, "उकळलं गं." चाळीस वर्षांत घरात कोणाला साधे जुलाब झाले नाहीत. त्याचं श्रेय गुरुजी मनातल्या मनात गंगामाईला देऊन मोकळे होत.

आज विद्युल्लताबाईंचा श्वास अडकायला लागला. "बाबा, गंगाजल आणा, जल्दी," लेक वैदेही म्हणाली.

गुरुजींनी पातेलं गॅसवर चढवलं. उकळी फुटल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. मग पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवून गार करत बसले.

"बाबा, आता कसले जंतू बघताय?" वैदेही रडत म्हणाली.

"तिला कच्चं चालत नाही."

त्यांनी चमचा ओठांशी नेला, तेव्हा विद्युल्लताबाईंनी डोळे उघडले. "उकळलंत?"

"उकळलं गं. आज अगदी खरं. गंगेची शपथ."

त्या ओठांतल्या ओठांत हसल्या. "चला, म्हणजे आज तुमच्यामागून मला परत उकळायला नको."