नेमून दिलेलं काम

पेणच्या भागीरथीबाईंनी त्या सकाळी आपल्या पापडांच्या कारखान्यात प्रत्येकीचं काम नेमून दिलं. कुणी पीठ कुटायचं, कुणी लाटायचं, कुणी वाळवणं सांभाळायची. धाटावच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले त्यांचे यजमान दारातून म्हणाले, "मालकीणबाई, आणि आम्ही काय करायचं?"

"तुम्ही ओटीवर बसायचं. दुपारच्या सुट्टीपर्यंत आत लुडबुड करायची नाही!"

"बाई, शेटना हुद्दा मोठा दिलात हां!" लाटायला बसलेल्या काशीबाईने टोला हाणला. सगळ्या खळखळून हसल्या.

दुपारी सुट्टीला दार उघडलं, तर ओटीवर यजमान घामाने डबडबलेले, छाती घट्ट दाबून धरलेली. रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेताना भागीरथीबाईंचा जरबेचा आवाज चिरकला, "अहो, एक हाक तरी मारायचीत!"

 

ते क्षीण हसले. "म्हटलं, पहिल्याच दिवशी कामात कसूर नको."