चाकांवरचा ओटा

"अगं, मीठ डावीकडच्या तिसऱ्या खणात आहे!" चंद्रकांत घोड्यावरून ओरडला.

प्रमोदिनीला मीठ केव्हाच सापडलं होतं. सकाळपासून आधी पोह्यांसाठी, मग दोनदा चहासाठी आणि आता पिठल्यासाठी ती त्याच ओट्यापुढे मान वाकवून उभी होती. मेटॅडोरचं छप्पर तिच्या अंबाड्यापेक्षा दोन बोटं खाली होतं. चंद्रकांतनं तीन महिने बंगलोरातल्या शिवाजीनगरच्या गॅरेजात उभं राहून या गाडीतला एकेक खण मापून करून घेतला होता. बायको तेवढी मापायची राहिली होती.

बाहेर तळं होतं, तळ्यामागे खडकाळ डोंगर होते आणि बंगलोर दोन तास मागे राहिलं होतं. चंद्रकांतचा धाकटा भाऊ विलास यानंही अशीच एक जुनी गाडी घेतली होती. भावाभावांनी आपसात वाटणी केली होती. विलासच्या गाडीत झोपायची सोय, चंद्रकांतच्या गाडीत स्वयंपाकाची. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण हौस एकाची असते आणि पोळ्या दुसऱ्याला लाटाव्या लागतात.

ओट्यापुढे एकच माणूस मावत होतं. त्यामुळे जावेला मदत करता येत नाही याचं विलासच्या बायकोला, शुभदाला फार वाईट वाटत होतं. तसं ती दोनदा म्हणालीही, दोन्ही वेळा घोड्यावरून.

घोड्यांसाठीच प्रमोदिनी आली होती. तळ्याचं तिला काही नव्हतं आणि चाकांवरच्या घराचं तर मुळीच नव्हतं. साडीत घोड्यावर बसता येणार नाही म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, तोही शुभदाकडून मागून. आता त्याच्याच ओढणीला ती पिठाचे हात पुसत होती.

दोनदा ती गाडीच्या पायरीपर्यंत आली. पहिल्यांदा विलासनं विचारलं, "वहिनी, पोहे उरलेत का हो? इथल्या हवेनं भूक फार लागते." दुसऱ्यांदा दोन घोड्यांवर दोघं-दोघं बसलेली दोन्ही घरची चारही पोरं उतरून एकदम आली आणि जेवायला काय आहे म्हणाली. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

सगळ्यांची जेवणं झाली. पिठल्याचं कौतुक झालं, पण ओट्याचं त्याहून जास्त झालं. प्रमोदिनीनं उरलेलं उभ्यानंच खाल्लं, भांडी विसळली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि निलगिरीच्या झाडांकडे निघाली. तिथे घोडेवाला कल्लाप्पा बसला होता. निपाणीकडचा माणूस, मराठी बोलणारा. त्याची दोन्ही घोडी तोंडाला दाण्याचे तोबरे बांधून उभी होती. पाठी मोकळ्या होत्या.

"कल्लाप्पा, आता मी."

तो गडबडीनं उठला. "आत्ता नाही जमायचं की अक्का. आत्ताच चंदी घातलोय. सगळ्यांचं बसून झालंय म्हणून सांगितले साहेब."

"सगळ्यांचं?"

"तसंच म्हणाले बघा."

प्रमोदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं वळून पाहिलं. चंद्रकांत विलासच्या गाडीच्या सावलीत चटईवर आडवा झाला होता, तोंडावर टोपी घेऊन.

"एकच फेरी," ती म्हणाली. "त्या खडकापर्यंत."

"नको अक्का. खाल्ल्यावर दोन तास त्यांच्या पाठीवर काय पण टाकत नाही मी. पोटात कळ येतंय. मुकं जनावर, ते काय सांगणार? आपणच बघायला पाहिजे."

घोडी संथपणे चावत होती, त्यांच्या माना हलत होत्या.

"चारला खोगीर घालतो," कल्लाप्पा तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला. "तुम्हाला एक फेरी मारतो आणि मगच मी निघतो. त्यानंतर मात्र थांबायला येत नाही, उजेडात गावाला पोचायला पाहिजे." त्यानं एक रिकामं पोतं झटकून झाडाखाली घातलं. "बसा तोपर्यंत."

प्रमोदिनी बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. गुडघे कुरकुरले, मानेत चमक आली आणि मग सगळं अंग हळूहळू सैल होत गेलं.

दहा मिनिटंही झाली नसतील. चटईवरची टोपी बाजूला झाली.

"अगं, कुठे गेलीस? जरा चहा टाक सगळ्यांना. आणि कांदे चिरून ठेव, चारला गरम भजी करू. तळणीची कढई बसेल असा खास कप्पा केलाय मी, अजून वापरलाच नाहीये!"

"चारला मी घोड्यावर बसणार आहे."

"बसशील गं, पुढच्या वेळी. आपली गाडी आहे, कधीही येऊ. आधी चहा तर टाक."

प्रमोदिनी उठली नाही. "आत्ताच जेवलेय मी," ती तिथूनच म्हणाली. "दोन तास उठणार नाही."

चंद्रकांत कोपरावर उठून बसला. "म्हणजे काय?"

"इथला नियम आहे. कल्लाप्पा, सांगा साहेबांना."

कल्लाप्पानं एकदा तिच्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. "व्हय साहेब. खाल्ल्यावर दोन तास काम सांगायचं नाही."

"अरे, तो घोड्यांचा नियम झाला!"

"मग आजच्या दिवस मला घोड्यांत धरा," प्रमोदिनी म्हणाली आणि तिनं पोत्यावर पाय लांब पसरले.