सहा नंबरची पेटी

दुपारी एक वाजता प्रितमने धम्मरत्नचं नाव यादीतून काढून टाकलं. पण ते झालंच नाही असं समजू, आणि अजून बारा चाळीसच झालेत असं धरून चालू.

चाकणच्या त्या बंपर बनवणाऱ्या कंपनीत, कंट्रोल रूमच्या पडद्यावर दोनशे बारा हिरवे ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे कारखान्यात कुठेतरी भिंतीवर टांगलेली नेटवर्कची एकेक पेटी. पेटी किती तापली, तिच्यावर लोड किती, हे सॉफ्टवेअर मोजतं. प्रमाणाबाहेर गेलं की ठिपका लाल होतो आणि यादीत पेटीपुढे ज्याचा नंबर लिहिलाय त्याला मेसेज जातो. ठिपक्यांकडे बघत बसायचा पगार प्रितमला मिळायचा.

फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला.

“जय भीम. सहा नंबर तापला बघ. एकसष्ट.”

“जय भीम, काका.” प्रितमने पडद्याकडे पाहिलं. सहा नंबर हिरवागार होता. पडदा पाच मिनिटांनी ताजा व्हायचा. संत तुकाराम नगरातले जयसिंगकाका त्याच्या आधी कळवायचे.

सहा नंबर बसवला धम्मरत्नने, म्हणून त्याच्यापुढे धम्मरत्नचा नंबर. धम्मरत्न चौदा महिन्यांपूर्वी काविळीने गेला. कंपनीच्या ग्रुपवर दोन दिवस लोकांनी हात जोडले, तिसऱ्या दिवशी कॅन्टीनचा मेनू आला. यादीतला नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो फोन आता त्याच्या वडिलांकडे, म्हणजे जयसिंगकाकांकडे होता. ते तो रोज चार्ज करत, महिन्याला रिचार्ज मारत आणि पेटी तापली की कळवत. चौदा महिन्यांत त्यांनी एक सुट्टी घेतली नव्हती. प्रितमच्या अकरा झाल्या होत्या.

“एक सांगू का?” काका म्हणाले. “मी वहीत उतरवून ठेवलंय. रोज साडेबारानंतर चढतं, सव्वाला उतरतं. रविवारी ढिम्म.”

“लोड असेल, काका.”

“कसला लोड! जेवणाची सुट्टी आहे ती. पोरं डबे ठेवत असणार वर, गरम व्हायला. जाळी बंद होते मग. आम्ही कॉम्प्रेसरवर ठेवायचो, तीस वर्षं.”

सहा नंबरचे दोन पंखे बदलून झाले होते. बाहेरून आलेला इंजिनियर ‘निरीक्षणाखाली ठेवा’ असं लिहून, जेवून गेला होता. प्रितमने प्रेस शॉपचा कॅमेरा लावला. पेटीच्या डोक्यावर चार डबे होते आणि वाळत घातलेला एक मोजा.

तेवढ्यात सुरेंद्र सर दारातूनच म्हणाले, “प्रितम, दोनला ऑडिट आहे. यादीत जे कामावर नाहीत ते सगळे उडव. आपला डेटा बाहेर जातो म्हणे.”

“सर, सहा नंबरला...”

सर आत आले. पडद्यावरचं नाव त्यांनी वाचलं. खुर्चीची पाठ धरली.

“हा अजून आहे यात?”

“हो, सर.”

“चांगला पोरगा होता,” सर म्हणाले. “उडव.”

ते गेले. फोन चालूच होता. आता ठिपका लाल झाला.

“काका...”

“ऐकलं मी. साहेबांचं बरोबर आहे. बाहेरचा माणूस कशाला?” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “काय आहे, मेसेजच्या सुरुवातीला त्याचं नाव येतं रे. ‘धम्मरत्न, सहा नंबरकडे लक्ष द्या.’ त्याची आई मला मोठ्याने वाचायला लावते. मी सगळं वाचतो, तापमानासकट.”

कॅमेऱ्यात एक जण आला, आपला डबा उचलून बोट भाजल्यासारखं करून गेला. मोजा तिथेच राहिला.

एक वाजला. प्रितमने नावावर बोट ठेवलं. सॉफ्टवेअरने विचारलं, हा संपर्क काढल्यास या पेटीकडे लक्ष देणारं कुणी उरणार नाही, खात्री आहे? प्रितमला नव्हती. त्याने ‘हो’ दाबलं. मघाशी जे झालंच नाही असं आपण समजलो होतो, ते झालं.

“झालं का?” काकांनी विचारलं.

“झालं.”

“मग अर्ज लिहून घे.”

“कसला अर्ज, काका?”

“लिही तर. युनियनमध्ये होतो मी, भाषा ठाऊक आहे मला.”

यादीत नावाची जागा रिकामी होती. तिच्याशेजारी ‘शेरा’ असा एक चौकोन होता, जो आजवर कुणी उघडला नव्हता. प्रितमने तो उघडला आणि काका सांगत गेले तसं लिहीत गेला.

‘माननीय व्यवस्थापक यांस. अर्जदार जयसिंग, वय सहासष्ट, निवृत्त फिटर. विषय: अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळणेबाबत. माझा मुलगा आपल्या सेवेत असताना वारला. तरी त्याच्या जागी वडिलांना सहा नंबरचे मेसेज घेण्याच्या कामावर घेण्यात यावे. अनुभव चौदा महिने. पगार नको. पाळी कोणतीही चालेल. मेसेजमधले नाव मात्र बदलू नये, ही नम्र विनंती.’